सोलापूरचे डिझेल, कोल्हापूरचा ट्रक

एप्रिल २०१० मध्ये देशातील तेरा शहरांच्या पंपांवर नवे डिझेल आले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, लखनौ, आग्रा आणि सोलापूर अशी ती यादी होती. या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांमागे जास्तीत जास्त ५० भाग असायचे होते. उरलेल्या देशात त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने जे डिझेल पोहोचले, त्यात ही मर्यादा ३५० भागांची होती. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही टोकांच्या शहरांत एक डिझेल आणि मधल्या सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव या वाटेवर दुसरे, असा प्रकार त्यामुळे सुरू झाला.

डिझेलबरोबर गाड्यांचेही दोन वर्ग पडले. त्या तेरा शहरांत नोंदवल्या जाणाऱ्या नव्या गाडीला ‘भारत स्टेज-४’ हा नियम, बाकी ठिकाणी ‘भारत स्टेज-३’. मात्र या नियमाला एक अपवाद जोडलेला होता. आंतरराज्य किंवा राष्ट्रीय परवान्यावर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना शहरांसाठीचा कडक नियम लागू नव्हता. म्हणजे सोलापूर किंवा पुण्यात नवी मोटार घेणाऱ्या कुटुंबाला जो नियम बंधनकारक होता, तो कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून पुण्याकडे निघालेल्या ट्रकला नव्हता. याला कारणही होते. देशभर फिरणारा ट्रक वाटेत मिळेल ते डिझेल भरणार, आणि जास्त गंधकाच्या डिझेलवर नव्या पद्धतीची इंजिने व त्यांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा टिकत नाही.

निरनिराळ्या खंडांतील ट्रकच्या धुराचे नियम शेजारी मांडून तुलना करण्याची पद्धत आता सर्वपरिचित आहे. वर्ष, नियमाचे नाव आणि ग्रॅमचा आकडा असा तो तक्ता असतो. तो चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. कोल्हापूरसारख्या गावाचा अनुभव त्या तक्त्याशेजारी ठेवला, की इंधन, वजन, वेग आणि मालकी हे चार रकाने त्यात नाहीत हे लक्षात येते. या लेखात त्या चार रकान्यांचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे.

तक्ता काय सांगतो

धुराच्या कायद्याची सुरुवात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाली. लॉस एंजेलिसच्या आकाशातील पिवळसर धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले. १९७० मध्ये अमेरिकेत ‘क्लीन एअर अॅक्ट’ला त्याचे आजचे रूप मिळाले आणि त्याच दशकात अवजड ट्रकच्या इंजिनांवर मर्यादा आल्या. युरोपने समान नियमांची शिडी नंतर उभारली. युरो-१ हा टप्पा १९९२ चा, युरो-६ हा २०१३ चा. प्रत्येक किलोवॅट-तास कामामागे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरो-१ मध्ये ८ ग्रॅम होती. युरो-६ मध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली.

भारताने ही युरोपीय शिडी स्वीकारली. डिझेल गाड्यांसाठी पहिले नियम १९९२ चे. १९९६ मध्ये अवजड वाहनांना नायट्रोजन ऑक्साइडसाठी १४.४ ग्रॅमची मर्यादा आली. काजळीच्या कणांसाठी तोवर स्वतंत्र मर्यादा नव्हती. २००० मध्ये युरो-१ च्या तोडीचा नियम देशभर लागू झाला. त्यानंतर ‘भारत स्टेज’ या नावाने एकेक पायरी चढत १ एप्रिल २०२० रोजी आपण ‘भारत स्टेज-६’वर पोहोचलो. पाचवी पायरी आपण गाळली. २०१४ मध्ये सौमित्र चौधुरी समितीने सहावा टप्पा २०२४ साठी सुचवला होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने मधली पायरी सोडून २०२० हेच वर्ष ठरवले.

नियम आणि बाजार यांची गाठ कशी पडते ते २०१७ मध्ये दिसले. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १ एप्रिलपासून भारत स्टेज-३ ची नवी गाडी विकताही येणार नाही. कंपन्यांकडे आणि विक्रेत्यांकडे तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास अशा गाड्या पडून होत्या आणि त्यांत सुमारे ९६ हजार व्यापारी वाहने होती. त्या दोन दिवसांत देशभरच्या शोरूममध्ये सवलतीच्या दरात गाड्या घेण्यासाठी झुंबड उडाली. उत्पादन कधी थांबवायचे हे कंपन्यांना माहीत होते, पण विक्रीही त्याच दिवशी थांबेल असे त्यांनी गृहीत धरले नव्हते. न्यायालयाने लोकांच्या आरोग्याला कंपन्यांच्या साठ्यापेक्षा जास्त वजन दिले.

या तक्त्यात भारताची एक अनपेक्षित जागा आहे. ब्राझीलमध्ये युरो-६ च्या तोडीचा नियम २०२३ मध्ये लागू झाला. ऑस्ट्रेलियात नव्या प्रकारच्या अवजड गाड्यांना तो नोव्हेंबर २०२४ पासून लागला. दक्षिण आफ्रिकेत ट्रकसाठीचा कायदा अजून युरो-२ च्या पातळीवर रेंगाळतो आहे. म्हणजे नव्या ट्रकच्या कायद्यापुरते पाहिले तर कोल्हापूर मेलबर्नच्या चार वर्षे पुढे गेले. तरीही शिरोली किंवा तावडे हॉटेलच्या चौकात उभे राहणाऱ्याला हा विजय पटकन जाणवत नाही. असे का, हे गाळलेल्या रकान्यांतून कळते.

पहिला रकाना : इंधन

डिझेलमधील गंधकाचे काम विचित्र असते. तो स्वतः धुरात कण वाढवतो आणि धूर शुद्ध करणाऱ्या रसायनांना निकामीही करतो. एक्झॉस्टमधील काजळी गाळणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड फोडणारे उत्प्रेरक नीट चालायचे तर गंधक जवळजवळ नसलेले डिझेल लागते. म्हणून अमेरिकेने २००७ चे कडक नियम लागू होण्याआधी, २००६ पासूनच १५ भागांचे डिझेल आणायला सुरुवात केली.

आपल्याकडे १९९६ मध्ये डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाखांमागे ५,००० भाग होती आणि त्याआधी तर १०,००० भागांपर्यंत मुभा होती. इंधन आणि इंजिन यांचे वेळापत्रक एकत्र बांधण्याचे काम मूळ गोव्यातील माशेलचे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे २००१ मध्ये आले. समितीचा अहवाल २००२ चा, त्यावरील सरकारी धोरण २००३ चे. शुद्धीकरण कारखान्यांचा खर्च एकदम झेपणार नाही, तेव्हा आधी मोठी व प्रदूषित शहरे आणि मागून देश, अशी दोन वेगांची वाट त्यातून निघाली. हवेतील धूलिकणांमुळे सोलापूरचे नाव शहरांच्या यादीत गेले. कोल्हापूर बाहेर राहिले.

दोन वेगांचा हा मार्ग मोटारींसाठी चालला, कारण मोटार बहुधा आपल्या गावात फिरते. ट्रकसाठी तो चालला नाही. ब्राझीलने याच सुमारास वेगळ्या वाटेने तोच धडा घेतला. तिथे युरो-४ च्या तोडीचा टप्पा जानेवारी २००९ पासून ठरलेला होता. पण त्याला लागणारे डिझेल पंपांवर आलेच नाही आणि तो टप्पा कागदावरच संपला. २०१२ मध्ये त्यांना पुढच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करावी लागली. आफ्रिकेचे चित्र आणखी कडवट आहे. पश्चिम आफ्रिकेतील काही देशांना युरोपच्याच बंदरांतून हजारो भाग गंधकाचे डिझेल मिश्रण करून पाठवले जात असल्याचे स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने २०१६ मध्ये उजेडात आणले. त्यानंतर घानाने २०१७ मध्ये मर्यादा ३,००० वरून ५० वर आणली. पूर्व आफ्रिकेतील केनियासारख्या देशांनी हे पाऊल २०१५ मध्येच टाकले होते.

या दृष्टीने पाहिले तर कोल्हापूरच्या धुराच्या इतिहासातील खरी वर्षे इंधनाची आहेत. २०१७ मध्ये ५० भागांचे डिझेल देशभर झाले आणि २०२० मध्ये १० भागांचे. तेव्हापासून जुना असो वा नवा, कागलच्या नाक्यावरून राज्यात येणारा आणि जाणारा प्रत्येक ट्रक तेच डिझेल जाळतो. धुरातला गंधकाचा वाटा जुन्या गाड्यांतही त्यामुळे कमी झाला. नव्या ट्रकच्या नियमापेक्षा या बदलाचा गाजावाजा कमी झाला, पण त्याचा लाभ पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मिळाला.

दुसरा रकाना : वजन

टाटा आणि डेमलर-बेंझ यांच्या सहकार्यातून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढे पंधरा वर्षे भारतीय रस्त्यांवर टाटा-मर्सिडीज हे जोडनाव चालले. युरोपातील त्या घराण्याची इंजिने मोठी होत गेली. आपल्याकडे मात्र साधे, कमी ताकदीचे, रस्त्याकडेच्या मिस्त्रीला उघडता येईल असे इंजिन दशकानुदशके टिकले. युरोपात चाळीस टनांच्या जोडगाडीला चारशे अश्वशक्तीहून अधिक ताकद असणे नेहमीचे झाले, तेव्हा आपला सोळा टनांचा दोन आसांचा ट्रक शंभर-सव्वाशे अश्वशक्तीवर घाट चढत होता.

त्यात भर ओव्हरलोडची. मालवाहतुकीत ‘पासिंग’ हा शब्द गाडीला कायद्याने किती टन भरता येतात या अर्थी वापरतात, आणि पासिंगवर भाडे परवडत नाही हे वाक्य या धंद्याइतकेच जुने आहे. गाडीला जादा पाटे टाकायचे, हौदा उंच करायचा आणि चढाला गाडी दमू नये म्हणून मिस्त्रीकडून पंप वाढवून घ्यायचा, ही रीत सर्वत्र होती. पंप वाढवणे म्हणजे सिलिंडरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त डिझेल सोडणे. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झाले, की न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. कारखान्यातून निघताना जे इंजिन नियमात बसत होते, ते पहिल्याच घाटात नियमाबाहेर गेलेले असते.

कोल्हापूरच्या चारी बाजूंनी असे रस्ते आहेत. कोकणात उतरायला आंबा घाट, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, तसाच फोंडा. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीच्या पठारावरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्याकडे ट्रकनेच जाते. हंगामात ऊस आणि साखर, बारमाही वाळू, खडी, दूध, भाजी आणि कास्टिंग. यातील बराचसा माल जड आणि भाड्याच्या मानाने स्वस्त. अशा मालाला जादा भरण्याचा मोह सर्वांत मोठा.

२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जादा माल दंड घेऊन पुढे सोडू नये, तो उतरवून घ्यावा असे बजावले. २०१८ मध्ये केंद्राने दुसऱ्या बाजूने मार्ग काढला आणि आसांवरील मर्यादाच वाढवली. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, तीन आसांच्या ट्रकचे २५ वरून २८.५. एका आसावर साडेअकरा टन ही मर्यादा युरोपातील चालक आसाच्या मर्यादेइतकीच. फरक हा, की तिकडे ती मर्यादा गाठणाऱ्या गाडीचे इंजिन त्या वजनासाठी घडवलेले असते. इथे तेच वजन कालच्या इंजिनावर कायदेशीर झाले.

तिसरा रकाना : वेग

ट्रकच्या इंजिनाची चाचणी बंद खोलीत, ठरावीक चक्राने होते. आपल्याकडे हे काम मुख्यतः पुण्याच्या ‘एआरएआय’मध्ये होते, ही संस्था १९६६ ची. भारत स्टेज-४ साठी जे युरोपीय चक्र घेतले, त्याचे शहर, गावरस्ता आणि महामार्ग असे तीन समान भाग होते. महामार्गाच्या भागाचा सरासरी वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. आपल्या मालट्रकला कायद्याने वेगनियंत्रक लावायचा तो ८० चा. भारत स्टेज-६ बरोबर ‘जागतिक’ म्हणून जे चक्र आले, ते ऑस्ट्रेलिया, युरोप, जपान आणि अमेरिका येथील गाड्यांच्या नोंदींवर बेतलेले आहे. निपाणीहून निघून पंचगंगेच्या पुलाशी कोंडीत सरकणारा ट्रक त्या जगात नव्हता.

चाचणी आणि रस्ता यांतील दरीचा सर्वांत मोठा घोटाळा भारतात नव्हे, अमेरिकेत झाला. चाचणीत नियमात राहायचे आणि मोकळ्या महामार्गावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिनाची मांडणी आपोआप बदलून घ्यायची, अशी व्यवस्था १९९० च्या दशकात सात मोठ्या कंपन्यांच्या इंजिनांत आढळली. १९९८ मध्ये त्यांच्यावर ८.३४ कोटी डॉलरचा दंड बसला. युरोपात लबाडी नसतानाही दरी निघाली. युरो-५ चे ट्रक नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण एक्झॉस्टमध्ये फवारतात. पण एक्झॉस्टचे तापमान साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या खाली असेल तर ही क्रिया नीट होत नाही. महामार्गावर शुद्ध असणारा ट्रक शहरातील थांबत-सरकत चालीत अशुद्ध निघाला. म्हणून युरो-६ पासून गाडीवर उपकरण बांधून रस्त्यावरच मोजमाप सुरू झाले. आपल्याकडे असे मोजमाप भारत स्टेज-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून नियमात आले.

एका बाबतीत मात्र आपण आपल्या रस्त्याकडे पाहून नियम केला. अवजड वाहनांच्या इंधनखर्चाचा नियम २०१७ मध्ये अधिसूचित झाला. त्यातील चाचणी ताशी ४० आणि ६० किलोमीटर या स्थिर वेगांवर ठेवली आहे. हे दोन आकडे भारतीय मालवाहतुकीचे प्रामाणिक वर्णन आहेत. परंतु स्थिर वेगात घाट येत नाही आणि नाक्यावरची रांगही येत नाही.

चौथा रकाना : मालकी

कोल्हापूरने ट्रक चालवले तसे ट्रकचे भागही ओतले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या पिढीने शेतीच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून बिडाच्या ओतकामाची विद्या इथे रुजवली. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशी ती पसरत गेली आणि आज जिल्ह्यात सुमारे तीनशे फौंड्र्या आहेत. घाटगे-पाटील या नावाने आधी मालवाहतूक उभी राहिली आणि पुढे त्याच नावाने फौंड्रीही. इथे ओतलेले ब्लॉक, हेड, पिस्टन, बेअरिंग देशातल्या आणि परदेशातल्या इंजिनांत जातात. दूरच्या खंडात नियम कडक झाला, की सिलिंडरमधील दाब वाढतो, ओतकामाची भिंत पातळ पण अधिक मजबूत लागते आणि त्याची नोंद इथल्या मागणीपत्रावर येते. म्हणजे नव्या नियमाची चाहूल या गावाला रस्त्याआधी भट्टीवर लागते.

तोच भाग बसवलेला नवा ट्रक इथल्या गाडीमालकाला परवडतो का, हा प्रश्न वेगळा. युरोप-अमेरिकेत नवी गाडी बहुधा मोठ्या कंपनीच्या ताफ्यात येते आणि काही वर्षांनी विकली जाते. भारतात बहुसंख्य मालकांकडे पाचाहून कमी गाड्या असतात. अनेकदा मालक, चालक आणि कर्जदार एकच असतो. भारत स्टेज-६ चा ट्रक महाग आहे, त्याला युरियाच्या द्रावणाचा रोजचा खर्च आहे, आणि सेन्सर बिघडला तर रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या पान्याने काम भागत नाही. मग जुनी गाडी आणखी काही वर्षे चालते किंवा वापरलेली गाडी घेतली जाते.

वापरलेली गाडी कुठे जाते, हे पाहिले की खंडाखंडांतील नाते उलगडते. युरोपचा जुना ट्रक समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो आणि युरोपची हवा सुधारल्याचे श्रेय युरोपला मिळते. आपला ट्रक समुद्र ओलांडत नाही. तो लांब पल्ल्यावरून जिल्ह्याच्या भाड्यावर येतो आणि शेवटी ऊस, वाळू, विटांवर उतरतो. शहराच्या हवेतून गेलेला धूर गावाच्या हवेत येतो. एकाच राज्यात युरोपही आहे आणि आफ्रिकाही, आणि दोहोंमधले अंतर एका विक्रीकराराचे आहे.

याचे ओझे कोणावर पडते हेही उघड आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले. त्या धुरात सर्वाधिक तास काढणारे चालक, क्लीनर, हमाल, मिस्त्री आणि नाक्यावरचे शिपाई असतात. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात आठ तासांचा दिवस होता. तो कायदा रस्त्यावर किती पाळला गेला, हे या धंद्यातील कोणालाही विचारावे.

२०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरबरोबर कोल्हापूरचेही नाव होते. २०१० च्या यादीबाहेर राहिलेले शहर नऊ वर्षांनी त्याच रांगेत आले.

पाचवा रकाना हवा

रस्त्यावरच्या जुन्या ट्रकची तपासणी आज प्रामुख्याने पीयूसीने होते. गाडी जागेवर उभी करून, रिकाम्या इंजिनाला जोराने अॅक्सिलरेटर देऊन, धूर किती दाट आहे एवढेच त्यात पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड हा डोळ्यांना न दिसणारा आणि नियमांच्या शिडीत सर्वाधिक श्रमाने कमी केलेला वायू. डिझेल गाडीच्या या तपासणीत तो मोजलाच जात नाही. युरियाची फवारणी बंद करून यंत्रणेला ती चालू असल्याचे भासवणारी उपकरणे युरोपच्या रस्त्यांवरही तपासणीत सापडली आहेत. असा ट्रक आपल्याकडे आला तर पीयूसीत तो पास होईल.

वजनकाटा, पंपावरचे डिझेल, गाडीचे वय आणि रस्त्यावरचे मोजमाप या चार गोष्टी एकत्र पाहणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. त्या चारही वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत. युरोपने २०२४ मध्ये युरो-७ मंजूर केला असून अवजड गाड्यांना तो २०२८ पासून लागू होणार आहे. त्यात टायर आणि ब्रेकमधून झिजणारे कणही धरले आहेत. भारतातही पुढच्या पायरीची चर्चा होईलच. तेव्हा ती कोणत्या वर्षी चढायची, याइतकेच ती गाडी किती टन भरून, कोणत्या घाटातून, कोणाच्या कर्जावर चालणार आहे, हेही विचारले गेले पाहिजे. माशेलकर समितीने इंधन आणि इंजिन एका वेळापत्रकात बांधले, आणि ती गाठ पक्की झाली तेव्हाच कोल्हापूरच्या धुरात फरक पडला. वजन आणि मालकी यांची गाठ अजून बांधायची आहे.